"वाचलेलं 10 टक्के, पाहिलेलं 30 टक्के" वाला फोटो: जरा थांबा

ऑफिसच्या ट्रेनिंग ग्रुपवर आणि शिक्षकांच्या ग्रुपवरही एक त्रिकोणाचा फोटो फिरतोय, माणसाच्या लक्षात वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30 आणि करून बघितलेलं 90 टक्के राहतं, म्हणून पुस्तकं बंद करा आणि सगळं व्हिडिओवर आणा. खाली नाव एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांचं.

डेल यांनी 1946 मध्ये असा शंकू खरंच मांडला होता, पण त्यात एकही टक्का नव्हता! प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंत शिकवण्याच्या साधनांचे प्रकार त्यांनी लावले होते, बस. टक्के नंतर कुणीतरी चिकटवले, 1967 च्या एका लेखात ते दिसतात आणि तिथेही मोजले कसे ते दिलेलं नाही. मुळात इतके गोल आकडे बघूनच शंका यायला हवी, कारण किती लक्षात राहतं हे विषय कोणता, आधीचं किती येतं, किती दिवसांनी विचारलं यावर ठरतं.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणजे व्हिडिओ असो की पीडीएफ, मधेमधे स्वतः आठवायला लावणारे प्रश्न टाका, ॲपमध्ये ते सोपंही आहे. व्हिडिओ वाईट नाहीत, मशीन कसं उघडायचं हे दाखवलेलंच बरं.

तो फोटो कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.