मनाचं आणि दारू सोडवायचं औषध तालुक्याच्या दवाखान्यात का मिळत नाही?

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. राजकारणावर मी सहसा लिहीत नाही. आजही लिहिणार नाही. एक मागणी आहे, ती खान्देशातल्या प्रत्येक माणसानं आपापल्या गावात लावून धरावी म्हणून ही मोठी पोस्ट. मागणी अशी : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मानसिक आजाराची आणि व्यसनाच्या उपचाराची औषधं बारा महिने, मोफत मिळाली पाहिजेत. बीपीची, शुगरची मिळतात तशी.

हे मला इतकं का लागतं, ते आधी सांगतो.

दुकानात गर्दी नसली की एखादी बाई येते. बरोबरच्या बाईला जरा लांब उभी करते आणि हळूच विचारते, "जिभाऊ, दारू सोडानं काही औषध शे का? त्याले समजाले नको." कधी बायको असते, कधी माय, कधी कॉलेजात जाणारी पोरगी. टीव्हीवर, मोबाइलवर, बसस्टँडच्या भिंतीवर त्यांनी जाहिरात वाचलेली असते : भाजीत मिसळा, चहात टाका, नकळत दारू सुटेल. त्या पुड्यांमध्ये नेमकं काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलंही नसतं. डॉक्टर खरोखर लिहून देतात असं एक औषध आहे, डायसल्फिराम. ते घेतलेल्या माणसानं वर दारू घेतली तर शरीरात अॅसिटाल्डिहाइड, म्हणजे दारू पचताना तयार होणारं विषारी द्रव्य, साठतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली जातं. हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणून हे औषध माणसाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, रक्त तपासूनच द्यायचं असतं. नवऱ्याच्या ताटात लपवून टाकायची ही वस्तू नव्हे. मी त्या बायांना हे सांगतो. त्या ऐकून घेतात आणि विचारतात, मग आम्ही जायचं कुठे?

या प्रश्नाचं सरळ उत्तर तालुक्यात नाही, याचाच मला संताप येतो.

दुसरी गोष्ट याहून भयंकर. घरातले सगळे मिळून माणसाला शपथ घालतात. कोणी गळ्यात माळ घालतं, कोणी सप्तशृंगीला नेऊन वचन घेतं. श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही, माळ घालून कायमची सोडलेली माणसं माझ्याही पाहण्यात आहेत. पण जो रोज सकाळी उठल्याबरोबर घेतो, घेतली नाही तर ज्याचे हात थरथरतात, त्यानं एका दिवसात बंद केली तर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप हाक मारतो, ओळखीची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. आणि नेमक्या याच वेळी गल्लीत सगळे म्हणतात, "याले बाहेरनं व्हई गयं," म्हणजे याला बाहेरची बाधा झाली. जीप करतात ती भगताकडे जायला. तीच जीप दवाखान्याकडे वळली पाहिजे, त्याच रात्री.

इथे आणखी एक सांगतो, कारण गावोगावी हेच चालतं : थरथरणाऱ्या दारुड्याला ग्लुकोजची बाटली लावायची. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-वन, म्हणजे थायमिन, फार कमी असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. डोळे विचित्र फिरतात, तोल जातो, आठवण पुसली जाते. थायमिनचं इंजेक्शन महाग नाही. ते आधी टोचायचं एवढं लक्षात ठेवणारा माणूस तिथे हवा.

चांगल्या दवाखान्यात काय होतं ते लोकांना माहीत नाही, म्हणून भीती जास्त वाटते. मानसोपचार विभागात भरती केलं की कोणी मारत नाही, कोंडत नाही. लिव्हरची, साखरेची, क्षारांची तपासणी होते. थरथर आणि फिट आवरायला क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपॅम या गोळ्या देतात आणि साधारण आठवड्याभरात डोस उतरवत आणतात. थायमिन देतात. माणसाला झोप लागते, भूक लागते. बऱ्याच बायका सांगतात की नवरा पोटभर जेवताना त्यांनी किती वर्षांनी पाहिला. मग समुपदेशक बोलतो, एकट्याशी आणि घरच्यांशीही. नंतर ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट. दारूच्या आड दडलेलं नैराश्य, संशयाचा आजार, अपघातानंतरचा धसका, हे सगळं याच वेळी सापडतं. माझ्या काउंटरच्या अनुभवातून बोलतो : पिणारा आणि झोप उडालेला, मरायचं बोलणारा, हा पुष्कळदा एकच माणूस असतो. त्याला दोन दारांवर पाठवून चालत नाही.

खान्देशात यासाठी काहीच नाही असं मी म्हणणार नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यानंतर नंदुरबारलाही झालं. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, आपल्याकडे एकही नाही. पण ते आपल्याकडे आणा अशी माझी मागणी नाही. ज्या इमारतीत बाळंतपण होतं, साप चावलेला येतो, त्याच इमारतीत मनाचा रुग्णही गेला तर त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मला तेच हवं आहे.

अडतं ते नंतर. आमच्याकडे औषधं नेणारं एक कुटुंब आहे. मुलगा केळीच्या गाड्या भरतो. मोठ्या दवाखान्यात भरती झाला, सुटला, घरी आला, बापाबरोबर शेतात जायला लागला. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या होत्या. पुढच्या महिन्यात पुन्हा जिल्ह्याला जायचं. पहाटेची एसटी पकडायची, केसपेपर काढायचा, ओपीडीची रांग, मग औषधाच्या खिडकीची रांग, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मायला बसमध्ये अर्धं तिकीट लागतं, त्याला पूर्ण. दोघांची रोजी बुडते. केळीचा हंगाम जोरात असताना मुकादम सुट्टी देत नाही. एक फेरी चुकली, गोळ्या संपल्या, झोप उडाली, आणि कोणीतरी म्हणालं, घे थोडी, झोप लागेल. घरच्यांनी ठरवलं की औषधाचा गुण आला नाही. औषधाचा गुण आला होता. तुटला होता तो पुरवठा. गावापासून पाच मिनिटांवरच्या सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या असत्या तर तो पोरगा आज कामावर असता, असं मला मनापासून वाटतं. सातपुड्यातल्या धडगाव, मोलगीकडच्या माणसाला नंदुरबारची फेरी याहून किती जड जात असेल, याचा विचार करा.

आता कायद्याचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. म्हणजे दारूत अडकलेला माणूस कायद्याच्या नजरेत रुग्ण आहे, आणि रुग्णाचे सगळे हक्क त्याला आहेत. कलम १८ म्हणतं की सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मानसिक रुग्णांना कायम मोफत मिळाली पाहिजेत. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा, हेही त्यात आहे. हे वाचलं तेव्हा मी दुकानात बसून दोनदा तपासलं. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण मागतच नाही!

गोळ्यांच्या किमतीचं कारण कोणी देत असेल तर ऐकू नका. फ्लुओक्सेटिन, रिस्पेरिडोन, लिथियम या मानसिक आजारावरच्या जुन्या, साध्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आहेत. मी त्या रोज विकतो.

राहिली माणसांची गोष्ट. प्रत्येक तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ उद्या मिळणार नाही, हे मला कळतं. पण राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, आणि त्याचा गाभाच हा की साध्या एमबीबीएस डॉक्टरला शिकवायचं आणि तज्ज्ञाचं पथक जिल्ह्यातून फिरवायचं. तज्ज्ञानं सुरुवात करून द्यावी, ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरनं पुढे चालवावं, अडलं तर फोन करावा. टीबीचं आपण असंच करतो. टीबीच्या गोळ्या गावात आशाताई पोहोचवते आणि एक डोस चुकला तर दारात येते.

कुत्ता गोळीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. मालेगाव, धुळ्याकडे अल्प्राझोलमला, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणाऱ्या गोळीला, हे नाव पडलंय आणि पोरं त्यात वाया चाललीत. अल्प्राझोलम, क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपॅम या गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव, किती दिल्या ते लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. जे दुकानदार हे मोडून पोरांना स्ट्रिपा विकतात त्यांचं लायसन्स जावं, माझ्याच धंद्यातले असले तरी. पण छापे वाढले की दुसरं टोक गाठलं जातं : भानगड नको म्हणून मेडिकलवाले या गोळ्या ठेवणंच बंद करतात. मग खरी चिठ्ठी घेऊन आलेला, नुकताच दवाखान्यातून सुटलेला माणूस चार दुकानं फिरून रिकाम्या हातानं घरी जातो. डोस मध्येच तुटला की काय होतं ते वर लिहिलंय. सरकारी खिडकीत नोंदीनं या गोळ्या मिळाल्या तर चोरटी विक्रीही आटोक्यात येईल आणि रुग्णही अडणार नाही.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल लोक विचारतात. चांगली आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभं केलं, आपल्याकडची कितीतरी माणसं तिथून बरी होऊन आली. पण काही ठिकाणांहून परतलेल्या पोरांनी जे सांगितलं ते ऐकवत नाही. साखळी, मार, जबरदस्तीनं टक्कल, घरी फोन करू न देणं. वर सांगितलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी आहे. जबरदस्तीनं केस कापायला बंदी आहे. फोन करायचा आणि भेटीचा हक्क आहे. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, आणि आम्ही न सांगता भेटायला आलो तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नावर जो चिडतो, तिथे माणूस ठेवू नका.

देशाचा आकडा एकच देतो. एम्सच्या केंद्रानं सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या, २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या ३८ माणसांमागे फक्त एकानं काहीतरी उपचार घेतल्याचं सांगितलं. भरती होऊन उपचार घेतलेला १८० मागे एक. बाकीचे आपल्या गल्लीत आहेत. तुम्हाला त्यांची नावं माहीत आहेत.

आणि कापसाचा भाव पडला, कर्ज फिटेना, म्हणून फवारणीचं औषध पिऊन वाचलेली माणसं. त्यांचं पोट धुतात, जीव वाचवतात आणि घरी सोडतात. त्याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. मानसोपचारतज्ज्ञाला भेटवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका, एवढं नातेवाइकांनी तरी धरून ठेवावं. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका.

तर करायचं काय? ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत आपल्या गावचं कोण आहे ते शोधा. मानसिक आजाराची कोणती औषधं आज शिल्लक आहेत, याची लेखी माहिती अर्ज करून मागा, आणि अर्जात कलम १८ चा उल्लेख करा. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : महिन्यातला एक ठरलेला दिवस मानसोपचाराच्या ओपीडीचा, आणि तो दवाखान्याच्या फलकावर लिहिलेला. अर्जाचा नमुना मी मराठीत करून ठेवलाय. कमेंटमध्ये तालुक्याचं नाव लिहा, पाठवतो. दुकानात येऊन नेला तरी चालेल.

तोपर्यंत टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६ आहे. आणि घरात कोणी दारू अचानक बंद केली असेल, हात थरथरत असतील, भास होत असतील, तर नंबर फिरवत बसू नका. १०८ बोलवा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की हा रोज पिणारा होता आणि शेवटची कधी घेतली.