‘सामना’ मला आजही जुना वाटत नाही, पण त्याचा शेवट पटत नाही

१९७४चा कृष्णधवल सिनेमा. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते आमच्या बीडला खेटून असलेल्या जामखेडचे रामदास फुटाणे. गोष्ट तशी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्याची. पण आज मराठवाड्यात बसून बघितला की वाटतं, सिनेमातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आपल्याच तालुक्यात राहतोय.

निळूभाऊ फुलेंचा हिंदुराव आरडाओरडा करत नाही, हे मला सगळ्यात जास्त भिडतं. दारूच्या आहारी गेलेला एक परका मास्तर गावात येतो, तर हा त्याला हाकलून देत नाही. घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, मान देतो. आपल्याकडे सत्ता अशीच चालते. दुष्काळात टँकर कोण पाठवतो, गुरांची छावणी कोण चालवतो, पोरीच्या लग्नाला कोण मदत करतो, दवाखान्याचं बिल कोण भरतो? ज्याच्या नावाने गावात कुजबुज असते, तोच. एकदा त्याचं मीठ खाल्लं की माणूस त्याला जाब कसा विचारणार? लोक भित्रे आहेत असं शहरात बसून म्हणणाऱ्यांना हे मिंधेपण कळत नाही. तेंडुलकरांना ते पन्नास वर्षांपूर्वी नेमकं कळलं होतं.

आणि तरीही श्रीराम लागूंचा मास्तर गावातून गायब झालेल्या माणसाबद्दल विचारत राहतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ ज्याचं खातो त्यालाच विचारतो. असं धैर्य मला आजच्या सिनेमात दिसत नाही. पत्रकारांत तर त्याहून कमी दिसतं.

आता शेवटाबद्दल. एका म्हाताऱ्याच्या प्रश्नाने हिंदुरावासारखा माणूस आतून हलतो, हे आज पचत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या एका सरपंचाचा खून झाला. न्यायासाठी बीडमध्ये, परभणीत, लातूरला प्रचंड मोर्चे निघाले. हजारो लोकांना रस्त्यावर यावं लागलं, एका मास्तराने भागलं नाही. तेंडुलकरांनी हिंदुरावाला थोडं मन ठेवलं होतं. आजच्या हिंदुरावाला वकील असतात, मोबाईलवर त्याची बाजू लढवणारी पोरं असतात आणि प्रश्न विचारणाऱ्याची जात काढणारेही असतात.

आरती प्रभूंचं ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ रवींद्र साठ्यांच्या आवाजात अजूनही काळजाला घर करतं. त्याबद्दल वेगळं काय लिहू.

खटकतं ते दुसरंच. मारुती कांबळेची गोष्ट आपल्याला बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडून कळते. उसाच्या फडातली बाई तर बोलतच नाही. आमच्या बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघं मिळून एकच मजूर धरतात. तिने खाडा केला तर पैसे कापले जातात. याच बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, सरकारने समिती नेमली, चार दिवस चर्चा झाली. त्या बायकांसाठी मुकादमापासून डॉक्टरपर्यंत आणि डॉक्टरपासून कारखान्याच्या चेअरमनपर्यंत प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारणारं एखादं पात्र मला मराठी पडद्यावर बघायचंय. ते पात्र बाईचं असावं आणि तिने मराठवाड्याची बोली बोलावी. फुटाणे-पटेल-तेंडुलकरांनी त्या काळात एवढी हिंमत केली होती. आता तर आमच्याकडे लिहिणारी, कॅमेरा हाताळणारी पोरं-पोरी गावागावात आहेत. त्यांनी हा विषय हातात घ्यावा.