सल्ला आमचा, खरेदी मोबाइलवर

पश्चिम वेल्समध्ये टायवी नदीकाठच्या खेड्यात मासेमारीच्या सामानाचे दुकान चालवायचे, म्हणजे उन्हाळ्यात समुद्रातून नदीत चढणाऱ्या ट्राउट माशांवर वर्षाची मिळकत सोपवायची, हे मी समजून-उमजून पत्करले आहे. मात्र गिऱ्हाइकांची एक तऱ्हा काही केल्या पचनी पडत नाही. हे गृहस्थ येतात, सात नंबरच्या रॉडने (गळाच्या काठीने) लाइन, म्हणजे गळाचा दोर, मागच्या कुरणात मनसोक्त फेकून पाहतात, हा मासा दिवसा बुजतो म्हणून पुरता अंधार पडेपर्यंत डोहात पाय घालू नये हेही माझ्याकडूनच शिकतात, आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणत बाहेर पडून, गाडीत बसल्या बसल्या तोच रॉड मोबाइलवरून मागवतात. इथवरही ठीक आहे, बाजार म्हटला की हे आलेच. पण थोड्याच दिवसांत तेच महाशय रीळ (लाइन गुंडाळायची चकरी) घेऊन पुन्हा हजर! लाइन नीट फेकली जात नाही म्हणे. पाहावे तर ती उलटी गुंडाळलेली: जे जाड, वजनदार टोक गळाच्या बाजूला हवे ते आत बॅकिंगला (लाइनच्या मागे रिळावर गुंडाळलेल्या बारीक जोड-दोराला) बांधलेले, आणि ‘हे टोक रिळाकडे’ असे छापलेली चिकटपट्टी बाहेर लोंबत असलेली. ती सगळी उलगडून, सुईच्या आधाराने गाठ नव्याने मारून द्यायची, आणि वर ‘एवढ्याशा कामाचे कसले पैसे?’ असा चेहरा पाहायचा. जाताना आमिषाची, पिसांची एखादी नकली माशी तरी विकत घ्यावी? छे! सध्या मासा कोणत्या डोहात आहे, एवढे मात्र आवर्जून विचारतात.