विलायती जोडी, देशी ससा आणि उपाशी पेढा

परवा रात्री जेवण उरकून बसलो होतो, तेवढ्यात सांगोल्याहून भाच्याचा फोन. "मामा, पेढ्याला आज काय बी घातलं नाही. उद्या बी तसंच ठिवायचं का? तुम्ही विलायतेत राहून आलाय म्हणून इचारतो."

पेढा म्हणजे कॉकर स्पॅनियलचं पिल्लू. वय पाच महिने, रंग नावाप्रमाणे, कान स्वतःच्याच पाण्याच्या ताटलीत बुडणारे. भाच्याने हौसेनं पुण्याहून आणलंय. घरात आधीपासून बिजली आहे, तीन वर्षांची करवान, म्हणजे आपली देशी शिकारी कुत्री, कागदोपत्री कारवान हाउंड. हे उपाशी ठेवायचं खूळ आलं कुठून, तर "विलायती शिकारी जोडी : सहा नियम" नावाच्या मेसेजमधून. महिन्याभरात तो मला तीन ग्रुपवर आला. तिन्ही वेळा मी सोडून दिला. आता बहिणीच्या अंगणात एक पिल्लू त्याच्यापायी उपाशी बसलंय, तर बोललंच पाहिजे.

मेसेज थोडक्यात असा. इंग्लंडात सशाच्या शिकारीला लर्चर (ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्याचा संकर) आणि स्पॅनियल अशी जोडी लावतात; आपण लर्चरच्या जागी करवान नाहीतर पश्मी (तिचीच लांब केसांची बहीण) घ्यायची. (१) पिल्लू चार महिन्यांचं झालं की मोठ्या कुत्र्यासोबत माळावर मोकळं सोडा, मोठं कुत्रंच त्याला शिकवतं. (२) शिकारीआधी दोन दिवस उपाशी ठेवा. (३) पहिल्या सशाचं काळीज कच्चं खाऊ घाला. (४) ऐकत नसेल तर शॉकचा पट्टा, "तिकडे सगळे वापरतात". (५) शेपूट तोडा, वेग वाढतो. (६) ससा उपद्रवी प्राणी आहे, त्याला कायदा लागत नाही. आणि कुत्र्याने मारला तर माणसावर केस होत नाही. कुत्र्याने नुसतं पळवलं तर मुळीच नाही.

सहाव्यापासून सुरू करतो. पहिल्या पाचांनी कुत्र्याचं वाटोळं होईल, सहाव्याने भाच्याचं होईल.

मेसेज लिहिणाऱ्याने, किंवा ज्या यंत्राने त्याला भाषांतर करून दिलं त्याने, एक प्राणी गिळलाय. इंग्रजांकडे दोन आहेत, रॅबिट आणि हेअर. मराठीत दोघंही ससाच. रॅबिट बिळं करून घोळक्याने राहतो, त्याची पिल्लं जन्मतात ती आंधळी आणि उघडीवाघडी. हेअर बीळ करतच नाही. गवतात, ढेकळांत अंगापुरता खळगा करून एकटा बसतो, आणि त्याची पिल्लं अंगभर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्माला येतात. रॅबिट तिथे बाहेरून आणलेला आणि शेतकऱ्याच्या डोक्याला ताप झालेला. म्हणून इंग्लंड आणि वेल्ससाठी २००४ साली जो हंटिंग ॲक्ट झाला, त्यात जमीनमालकाची परवानगी असेल तर कुत्र्यांकरवी रॅबिट मारायला सूट ठेवली आहे. लर्चर-स्पॅनियलची जोडी आज चालते ती या सुटीवर.

हेअरला ती सूट नाही. गोळी लागून पडलेला हेअर कुत्र्याने उचलून आणला तर चालतो. धडधाकट हेअरच्या मागे कुत्रं सोडणं हा १८ फेब्रुवारी २००५ पासून तिथे गुन्हा आहे. २०२२ साली दोरी आणखी आवळली. हेअरमागे कुत्रं लावायच्या इराद्याने दुसऱ्याच्या रानात शिरलात, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि कोर्ट कुत्रं पाळायलाही मनाई करू शकतं.

आता सांगोल्याच्या माळावर उड्या मारतो तो कोण? हेअर. मानेवर काळा पट्टा असलेला, लेपस नायग्रिकॉलिस. महाराष्ट्राच्या रानात दुसरा ससा नाही. पिंजऱ्यातले पांढरे गुबगुबीत ते पाळीव रॅबिट. म्हणजे ज्या प्राण्यावर ही विलायती पद्धत इथे वापरायची, त्याच्या भाऊबंदावर ती विलायतेतसुद्धा चालत नाही! हे एवढं कळलं तरी मेसेजचा निम्मा डोलारा खाली बसतो.

राहिला आपला कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीची व्याख्या त्याच्या कलम २ च्या उपकलम १६ मध्ये आहे आणि ती ज्याने कुणी लिहिली त्याला कुत्रीवाले चांगलेच माहीत असणार. मारणं आणि विष घालणं तर त्यात आहेच, पण पकडणं, फासे लावणं, सापळा, हाकारा, आमिष यांच्या बरोबरीने मूळ इंग्रजीत एक शब्द बसलाय : कोर्सिंग. कोर्सिंग म्हणजे नजरेने शिकार धरणाऱ्या कुत्र्यांकडून सावज पळवणं. करवान, ग्रेहाउंड, लर्चर, सगळ्यांचा धंदा नेमका हाच. आणि पुढे लिहिलंय, यातल्या कशाचाही प्रयत्न. "नुसतं पळवलं" ही पळवाट कायद्याने दाराशीच बुजवली आहे. कुत्र्याने मारलं म्हणे, माणसाने नाही. बिजलीच्या गळ्यातली साखळी काढणारा हात कुणाचा?

ससा उपद्रवी तर कधीच नव्हता. जुन्या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती, तिच्यात कावळे, उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं असे मानकरी होते. ससा चौथ्या अनुसूचीत होता, तेव्हाही १९९१ च्या दुरुस्तीपासून त्याची शिकार बंदच होती. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूच्या नव्याने मांडल्या आणि तो दुसरीत आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करवान माळावर सुटली की समोरून ससा उठतोय की चिंकारा, हे बघून धावत नाही. चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे शिक्षा सुरूच होते तीन वर्षांपासून. "आमच्या आज्ज्यानं मारल्यात की" असं भाचा म्हणाला. मारले असतील. आज्ज्याने टांग्याला कंदील लावला नाही म्हणून दंडही भरला होता, ते कुणी सांगत नाही.

आता पहिला नियम, ज्याच्यात थोडं तथ्य आहे म्हणून तो सगळ्यात जास्त फसवतो.

तथ्य एवढंच : कुत्री एकमेकांचं बघून शिकतात. पाण्याला बिचकणारं पिल्लू मोठं कुत्रं पाण्यात उतरलेलं बघून उतरतं, काट्यात शिरायचं धाडसही तसंच येतं. मान्य. पण मोठ्या कुत्र्याच्या अंगी जे आहे तेच पिल्लू शिकणार ना? लर्चर बघतो आणि पळतो. त्याच्याकडून पिल्लू बघायला आणि पळायलाच शिकेल. स्पॅनियलचं काम याच्या अगदी उलट आहे. नाक जमिनीला लावून, माणसापासून वीस-पंचवीस पावलांत, डावी-उजवीकडे नागमोडी फिरत झुडपं धुंडाळायची, आणि जनावर उठलं रे उठलं की जागच्या जागी बसायचं. हो, बसायचं! पाठलाग करायचा नाही. झुडपातून रॅबिट बाहेर काढला की स्पॅनियलचं काम संपलं. बिळाकडे सुटलेल्या रॅबिटला गाठायचं ते बाहेर टपलेल्या लर्चरने. दोन्ही कुत्री पळायला लागली तर जोडी कसली, ती शर्यत. आणि त्या शर्यतीत कॉकर दर वेळी हरणार, केकाटत मागे धावणार, आणि प्रत्येक धावेगणिक त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होणार, की खरी मजा माणसापासून लांब आहे.

पशुखाद्याच्या कंपनीत असताना मी इंग्लंडातल्या लिंकनशायरमध्ये एक हिवाळा काढला. शेजारी एक म्हातारा गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या रानाचा राखणदार होता. त्याच्याकडे कोली आणि ग्रेहाउंडच्या संकरातली लर्चर कुत्री आणि सात महिन्यांची स्प्रिंगर स्पॅनियल पिल्ली. दोघींना त्याने अख्ख्या हिवाळ्यात एकदाही एकत्र मोकळं सोडलेलं मी पाहिलं नाही. रोज दुपारी तो कुरणात यायचा, खिशात टेनिसचे तीन चेंडू. शिट्टीची एक लांब फुंक, पिल्ली बसली. मग तो चेंडू तिच्या नाकासमोरून फेकायचा. पिल्ली थरथरायची, पुढचे पंजे गवतात रुतवायची, पण बसून. दुसरा चेंडू फेकायचा, तिसरा फेकायचा. मग स्वतःच गुडघे धरत जाऊन दोन चेंडू वेचून आणायचा आणि तिसऱ्यावर तिला सोडायचा. मी विचारलं, तुम्ही कशाला उचलता, कुत्रीच आणेल की. तो म्हणाला, फेकलेली प्रत्येक वस्तू आपलीच असं तिला वाटायला लागलं की उडालेला प्रत्येक पक्षीही तिचाच होतो. फेब्रुवारीत त्याने पुढची पायरी सुरू केली : पिल्ली बसलेली, आणि त्याचा नातू लर्चरला साखळीने धरून तिच्या समोरून नुसता पळत जाणार. पिल्ली उठली की शिट्टी, पुन्हा पहिल्यापासून. रॅबिट अजून चित्रातही नव्हता.

याला म्हणतात विलायती पद्धत. "चार महिन्यांचं झालं की मोकळं सोडा" ही कुठली, देव जाणे.

शिवाय जागेचाही प्रश्न आहेच. तिथल्या बांधाबांधाने काटेरी झुडपांची दाट कुंपणं असतात, रॅबिट त्यांत दडतो, म्हणून नाकवाल्या कुत्र्याला काम. आपला ससा उघड्या माळावर कुसळीच्या गवतात बसतो. तिथे कॉकरला काम काय, तर कानात, बोटांच्या बेचक्यात कुसळं भरून घेणं. कुसळ कानात आत सरकलं की डॉक्टरकडे भूल देऊन काढावं लागतं, आणि कॉकरचे कान म्हणजे कुसळांची गोणीच. त्यात मार्चनंतरचं ऊन आणि अंगावर हा केसांचा कोट. आणि भाच्याच्या माळावर दिवसभर मेंढरं चरतात. पळत्या गोष्टीमागे पळायचं असतं हे एकदा शिकलेलं पिल्लू पहिल्यांदा धरेल ते धनगराचं कोकरू. मग भरपाई द्या आणि शिव्याही खा.

बाकीचे नियम भराभर.

उपाशी ठेवणं : कुत्रं पोटाच्या भुकेने वास घेत नाही. भरल्या पोटाचा बोका उंदीर मारत नाही का? पाच महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीनदा खाणं लागतं. दोन दिवसांनी ते शिकारी होणार नाही, गळून पडेल, नाहीतर उकिरड्यावर जाईल. भाच्याला फोनवरच सांगितलं, आधी भाकरी-अंडं घाल, मग बोल.

कच्चं काळीज : रानातल्या सशाच्या पोटात पुष्कळदा टेपवर्मच्या अळ्यांचे साबुदाण्यासारखे पाणीदार फोड असतात. कच्चं खाल्लं की पुढचा टेपवर्म कुत्र्याच्या आतड्यात. शौर्य काळजातून उतरत असतं तर खाटकाच्या दुकानाबाहेरची कुत्री वाघ झाली असती.

शॉकचा पट्टा : "तिकडे सगळे" मध्ये वेल्स येत नाही, तिथे २०१० पासून बंदी आहे. ब्रिटनमधली कुत्रीवाल्यांची मोठी संस्था, केनेल क्लब, तीही या पट्ट्यांच्या विरोधात आहे. आणि समजा, झटका बसला त्या क्षणी पेढा बिजलीकडे बघत होता, तर तो ससा सोडणार नाही, बिजलीला घाबरायला शिकेल.

शेपूट : इथेही अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. इंग्लंडात कामाच्या स्पॅनियलची शेपूट थोडी कापतात. पण ती काट्यांत फाटून रक्तबंबाळ होऊ नये म्हणून. वेगाशी तिचा संबंध नाही. आणि ते काम फक्त पशुवैद्य करतो, पिल्लू जास्तीत जास्त पाच दिवसांचं असताना, कागदपत्रं बघून. पाच महिन्यांच्या पिल्लाची शेपूट घरी तोडणं म्हणजे अंगभंग, आणि प्राण्यांशी क्रूरतेचा १९६० चा आपला कायदा त्याला गुन्हाच म्हणतो.

हे सगळं भाच्याला सांगितलं तर तो हिरमुसला. "मग पेढ्यानं करायचं तरी काय? नुसतं गादीवर लोळायचं?" प्रश्न रास्त आहे. नाकाच्या कुत्र्याला नाकाचं काम द्यावंच लागतं, नाहीतर ते घर खातं. म्हटलं, वासाची वस्तू लपव आणि हुडकायला लाव. आधी चार पावलांवर, मग ओट्याआड, मग गोठ्यात. सापडली की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. बिजली तेवढा वेळ बांधलेली.

काल अक्काचा फोन आला, आवाज चढलेला. आठ दिवसांपासून हरवलेली सासूबाईंची चंची पेढ्याने कडब्याच्या गंजीत हुडकून काढली, आणि आणून देण्याआधी आतला कात खाल्ला. तोंड अजून लाल आहे म्हणाली.