सीटचे पैसे भरले नाहीत तरी विमानात घेतात

सांगलीची मावशी परवा पहिल्यांदा विमानाने निघाली होती, पुण्याहून बेंगळुरूला, लेकीच्या बाळंतपणासाठी. आदल्या रात्री तिचा फोन आला, "अरे, सीटचे सातशे रुपये भरले बघ आम्ही दोघांचे. नाहीतर बोर्डिंग पासच देत नाहीत म्हणे." म्हणे कोण? आमच्याच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार वेळा फिरलेला मेसेज. त्याचं म्हणणं असं: सीट विकत घेतल्याशिवाय बोर्डिंग पास नाही, काउंटरवर गेलात तर दंड, स्वस्त तिकिटावर उशिराची जबाबदारी कंपनीची नाही, सामानाचे पैसे वेगळे, आणि या कंपन्यांनी बिझनेस क्लास आणला, म्हणजे स्वस्त विमान संपलं.

पहिले दोन दावे साफ खोटे आहेत, आणि मावशीसारख्यांचा खिसा त्यांनीच कापला जातो. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी काही कंपन्या खरोखर २०० रुपये घेत होत्या. २१ जुलै २०२२ ला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ते थांबवायला सांगितलं. १९३७ च्या विमान नियमांतल्या १३५ व्या नियमाप्रमाणे ही रक्कम भाड्यात धरता येत नाही, असं कारणही दिलं. तुमच्याकडे कन्फर्म तिकीट आहे, म्हणजे सीट तुमची आहेच. पैसे लागतात ते खिडकी, पुढची रांग, पाय पसरायला जागा अशा आवडीनिवडीचे. काही निवडलं नाही, तर कंपनी देईल तिथे बसायचं, एवढंच. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना लांब बसवतील ही भीतीही नको: एकाच पीएनआरवरच्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाशेजारी जागा द्या, असं डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय.

सीटबाबत मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, की मोबाइलवर वेब चेक-इन करताना, म्हणजे घरूनच बोर्डिंग पास काढताना, पैशांच्या सीटा आधी दिसतात आणि पुढे जायचं बटण शोधावं लागतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इंडिगोने वेब चेक-इनला सगळ्याच सीटांना पैसे लावले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पण विमानतळावर फुकट सीट मिळेल, हे कंपनीने तेव्हाही सांगितलं होतं. साठीच्या बाईला ते बटण सापडत नाही, याचा राग मलाही आहे. तो राग खोटं पसरवून काढायचा नाही.

उशिराचं तर उलटंच आहे. डीजीसीएचा नियम स्वस्त-महाग बघत नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना सूट आहे, हे मान्य. पण विचारल्याशिवाय उपाशी बसू नका.

सामानाचं अर्धं खरं. बिनसामानाच्या प्रवाशाला कमी भाडं लावायची मुभा डीजीसीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिली. एअर इंडिया एक्सप्रेसचं 'एक्सप्रेस लाइट' तिकीट त्यातलंच. मोठी बॅग असेल तर तसलं तिकीट काढू नका, काउंटरवर महागात पडतं.

आणि बिझनेस क्लास? इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबईवर 'स्ट्रेच' नावाचा बिझनेस क्लास सुरू केला, त्यात विमानात १२ सीटा. मागे दोनशेच्या वर सीटा पूर्वीसारख्याच आहेत.

मावशीचं परतीचं तिकीट मीच काढलंय. सीट घेतलेली नाही.