पगार कशाचा घेता?

"पोरंच पेपर काढणार, मग तुम्ही पगार कशाचा घेता, सर?" आज स्टाफरूममध्ये एका सरांनी सगळ्यांदेखत ऐकवलं मला. वयाने मोठे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे कशाला बसू?

केलं काय मी? नववीची घटक चाचणी, 20 मार्कांची. 'कार्य आणि ऊर्जा'वर प्रत्येकी दोन प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणा म्हटलं, मागे उत्तरही लिहा. 8 मार्कांचे त्यातलेच घेईन, कुठले ते सांगणार नाही. झालं एवढंच.

एका पोराची चिठ्ठी अजून माझ्या खिशात आहे. वहीचं फाडलेलं पान, कडेला तेलाचा डाग. 'आमच्या विहिरीवर 5 एचपीची मोटर आहे. लाइट रात्रीची होती. मोटर 6 तास चालली. वडील 6 तास बांधावर बसून होते. मोटरने किती युनिट वीज घेतली? वडिलांनी किती कार्य केले?' मागे उत्तर: 22.38 युनिट. वडील शून्य, कारण विस्थापन नाही, म्हणजे जागा बदललीच नाही.

काढा असा प्रश्न तुम्ही! आपण काय करतो, गेल्या वर्षीचा पेपर घेतो, 10 किलोचा दगड 12 किलोचा करतो आणि संविधान तक्ता, म्हणजे कशाला किती मार्क त्याचा तक्ता, जोडून मोकळे. आकलन इतके टक्के, उपयोजन तितके टक्के. उपयोजन म्हणे!

हो, निम्म्या चिठ्ठ्या गाइडातून उतरवलेल्या होत्या, एकाने तर वर पान नंबरसुद्धा टाकलाय. आणि बोर्डाला हे चालणार नाही, तेही ठाऊक आहे. पुढे बोला.

पेपर झाल्यावर वर्गात जे भांडण झालं, ते बघायला कुणी आलं नाही. एक मुलगी उठली, "सर, शून्य कसं? डीपीचा फ्यूज गेला की चालत जावं लागतं." मागच्या बाकावरून लगेच, "परत बांधावरच येतात ना? मग विस्थापन शून्यच!" कधी नव्हे ते विस्थापन आणि अंतर यांवरून पोरं हातघाईवर आली होती. चिठ्ठीवाला मात्र खाली मान घालून नुसता हसत होता. रात्री वडिलांसोबत हाही जातो, हे मला नंतर कळलं. पहिल्या तासाला पेंगतो म्हणून मी त्याला दोनदा उभं केलंय.

असो. चार वाजता चहाला तेच सर माझ्या शेजारी येऊन बसले. बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि हळूच म्हणाले, "शून्यच धरलं ना ओ शेवटी?"