ग्रबमधली ती ‘जादूची ओळ’ वाचतं कोण?

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात चालणारा आभासी संगणक, संथ चालतंय अशी कुणी तक्रार केली की हमखास एक ओळ पुढे केली जाते. ग्रबच्या (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) डीफॉल्ट फाइलमध्ये लिनक्सच्या कमांड लाइनला ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन आयओएमएमयू=पीटी पीसीआयई_एसीएस_ओव्हरराइड=डाउनस्ट्रीम मिटिगेशन्स=ऑफ’ एवढं जोडा, रीबूट करा, झालं. सोबत दावा असा की हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, केव्हीएम असो वा झेन, ओळ हीच. गेस्ट, म्हणजे ती आभासी मशीनं, थेट हार्डवेअरच्या वेगाने पळतील. आणि एखादा पर्याय लागू नसलाच तर तो वाया जाईल, बिघडणार काही नाही.

‘हायपरव्हायजर कुठलाही चालेल’ इथून सुरुवात करू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. केव्हीएममध्ये लिनक्सचा कर्नलच, म्हणजे त्याचा गाभाच, हायपरव्हायजर असतो. त्यामुळे लिनक्सच्या कमांड लाइनवर लिहिलेलं योग्य ठिकाणी पोचतं. झेनचं तसं नाही. तिथे ग्रब आधी झेन चढवतो आणि लिनक्सला त्याचं मॉड्यूल म्हणून सोबत देतो. ग्रबने तयार केलेली मेनूतली नोंद उघडून पाहा: ‘मल्टिबूट२’ने सुरू होणाऱ्या ओळीत झेनची फाइल आणि तिचे पर्याय असतात, त्याखाली ‘मॉड्यूल२’ने सुरू होणाऱ्या ओळीत डोम झिरोचा (झेनवर चालणाऱ्या, बाकी गेस्ट सांभाळणाऱ्या मुख्य लिनक्सचा) कर्नल आणि त्याचे पर्याय. ओळी दोन, वाचणारे दोन.

‘कन्सोल’ हा पर्याय तर दोन्हीकडे चालतो आणि दोन्हीकडे त्याची किंमत वेगळी असते. सिरियल पोर्टवर लॉग हवा असेल तर झेनला ‘कन्सोल=कॉम१’ आणि ‘कॉम१=११५२००,८एन१’ सांगायचं, डोम झिरोच्या लिनक्सला मात्र ‘कन्सोल=एचव्हीसी०’. अदलाबदल झाली की स्क्रीन आणि सिरियल दोन्हीकडे शुकशुकाट. म्हणूनच डीफॉल्ट फाइलमध्ये ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स’ आणि ‘ग्रब_सीएमडीलाइन_झेन’ अशी स्वतंत्र चलं (व्हेरिएबल) आहेत. ती जादूची ओळ पहिल्या चलात जाते, म्हणजे झेनपर्यंत पोचतच नाही.

पोचून तरी काय होणार होतं? झेन चालू असताना आयओएमएमयू (उपकरणांनी मेमरीत कुठे पोचायचं हे ठरवणारं हार्डवेअर) त्याच्या ताब्यात असतं, आणि हार्डवेअरमध्ये ते असेल तर झेन ते आपणहून वापरतो. इंटेलच्या मशीनवर आयओएमएमयूची माहिती देणारा एसीपीआयमधला (फर्मवेअरने दिलेल्या हार्डवेअरच्या माहितीतला) डीमार तक्ता तो डोम झिरोपासून लपवतोही. लपवलेल्या वस्तूला लिनक्सने ‘ऑन’ म्हणून काय उपयोग? एएमडी असेल तर ‘इंटेल’च्या जागी ‘एएमडी’ लिहा, ही पुरवणीही तितकीच पोकळ. एएमडीच्या ड्रायव्हरला ‘ऑन’ असा पर्यायच नाही. तो मुळात चालूच असतो.

आता वेग. इंटेलवर काही कर्नलांमध्ये आयओएमएमयू आपोआप चालू होत नाही, आणि ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड गेस्टच्या हवाली करायचं असेल तर ते चालू करावंच लागतं. दाव्यातला एवढा भाग बरोबर आहे. पण कार्ड हवाली करायचंच नसेल, तर गेस्टच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. ‘पीटी’चा अर्थ तर बहुतेक जण उलटा लावतात. होस्टने, म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या मूळ मशीनने, स्वतःकडे ठेवलेल्या उपकरणांच्या डीएमएला (प्रोसेसरविना थेट मेमरीत वाचण्या-लिहिण्याला) पत्ते बदलण्याची फेरी पडू नये, यासाठी तो आहे. फायदा झालाच तर होस्टला. गेस्टला दिलेल्या कार्डाचे पत्ते पूर्वीसारखेच आयओएमएमयूतून जातात, आणि ते गेलेच पाहिजेत.

एसीएस ओव्हरराइड मूळ लिनक्स कर्नलमध्ये कधीच नव्हता. तो वेगळ्या पॅचमधून येतो. पॅच नसलेल्या कर्नलला हा शब्द अनोळखी असतो, आणि ‘नाव=किंमत’ अशा रूपातला अनोळखी पर्याय लिनक्स इनिट या पहिल्या प्रक्रियेच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकून देतो, म्हणजे तो वायाच जातो. पॅच असेल तर प्रकरण जास्त गंभीर. आयओएमएमयूचे गट (गेस्टला एकत्रच द्यावी लागणारी उपकरणं) लहान दिसू लागतात, पण उपकरणं एकमेकांपासून प्रत्यक्षात वेगळी होत नाहीत. कर्नलला खोटं सांगितलेलं असतं, इतकंच.

‘बिघडणार काही नाही’ हा दावा मात्र ‘मिटिगेशन्स=ऑफ’पाशी पुरता कोसळतो. हा पर्याय 2019 मध्ये लिनक्स 5.2 सोबत आला आणि जुन्या कर्नलांतही नेला गेला. प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन, स्पेक्टर, एल१टीएफ यांसारख्या त्रुटींवरचे सॉफ्टवेअरमधले बचाव तो एका झटक्यात बंद करतो. स्वतःचाच भरवशाचा कोड चालवणाऱ्या एकट्या मशीनवर हा हिशोब कुणी करू शकेल. पण 2018 च्या ऑगस्टमध्ये उघड झालेल्या एल१टीएफचा एक प्रकार नेमका हायपरव्हायजरवरचाच आहे: एका गेस्टमधला कोड त्याच कोअरच्या एल१ कॅशेत (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीत) पडलेला होस्टचा किंवा शेजारच्या गेस्टचा डेटा वाचू शकतो. भिंती घालण्यासाठी व्हर्च्युअल मशीन वापरायचं आणि त्याच भिंतींना बूट होतानाच भोकं पाडायची, याला ट्यूनिंग कसं म्हणणार?

झेनवर याची आणखी एक गंमत आहे. ही ओळ डोम झिरोला दिली तर फक्त डोम झिरोचा कर्नल उघडा पडतो. झेनचे बचाव ‘स्पेक-सीटीआरएल’ या त्याच्या स्वतःच्या पर्यायावर चालतात आणि जागेवरच राहतात. जोखीम पत्करली आणि ज्यासाठी पत्करली तेही हाती लागलं नाही. याउलट एल१टीएफने बाधित प्रोसेसरवर हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं, म्हणजेच एसएमटी) चालू असेल, तर ‘एसएमटी’ पर्याय स्पष्टपणे निवडा अशी ताकीद झेन बूट होताना स्वतःच देतो. ती वाचणारे फार थोडे.

झेनवर खरोखर फरक पाडणारा पर्याय या ओळीत नाहीच: ‘डोम०_मेम’. तो दिला नाही तर जवळजवळ सगळी मेमरी आधी डोम झिरोला मिळते आणि मग प्रत्येक गेस्टसाठी ती ‘फुग्यातून’ (बलूनिंगने, चालू असतानाच) परत काढावी लागते. ‘डोम०_मेम=४जी,मॅक्स:४जी’ असं लिहावं. मॅक्स गाळलं तर डोम झिरोचा कर्नल पुढेमागे मिळू शकणाऱ्या सगळ्या मेमरीच्या हिशोबाने आपले तक्ते आखतो आणि त्या चार जीबीतलाच मोठा लचका त्यात जातो.

कोणती ओळ कुणापर्यंत पोचली हे तपासायला मिनिटही लागत नाही. ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ फक्त लिनक्सची ओळ दाखवते. झेनची ओळ ‘एक्सएल इन्फो’ या कमांडच्या उत्तरात ‘झेन_कमांडलाइन’पुढे असते. बदल कुठेच दिसला नाही तर ग्रबची फाइल नव्याने तयार करायची राहिली असेल, किंवा मशीन ग्रबने बूटच होत नसेल. यूईएफआय फर्मवेअरवर, सिक्युअर बूटशिवाय, झेडएफएस या फाइल सिस्टमच्या रूटवर बसवलेलं प्रॉक्समॉक्स (केव्हीएमवर उभी व्हर्च्युअल मशीनची प्रणाली) ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट वापरतं. तिथे ओळ ‘/ईटीसी/कर्नल/सीएमडीलाइन’मध्ये लिहून ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश’ चालवावं लागतं.

आणि ‘टाकून तर बघा’ असंच कुणी म्हणत असेल, तर फाइलला हात न लावताही बघता येतं. ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबा, ज्याला सांगायचंय त्याच्याच ओळीच्या शेवटी पर्याय लिहा आणि कंट्रोल-एक्स. बदल त्या एका बूटपुरता राहतो.